डिकीत उगवलेल्या अक्षता

१

डिकीचं झाकण वर उचललं तेव्हा जुनं लुगडं टरकावं तसा आवाज झाला.

आत पाणी साचलं होतं, चांगलं चार बोटं. पाण्याच्या कडेनं आणि डिकीच्या काठाच्या पन्हळीत कोंबच कोंब उभे होते. पिवळेफटक, एकाला एक लागून, देवापुढच्या घटात असतात तसे.

"अगं बाई, अक्षता उगवल्या," मागून पारूआक्का हळूच म्हणाल्या.

"अक्षता राहू दे आक्का. डबा कुठंय?" काकासाहेबांनी विचारलं.

पितळी डबा डिकीत असायला हवा होता. त्यात मोनिकाच्या आईची पुतळ्यांची माळ असायला हवी होती. बुधवारी संध्याकाळी तो तिथं ठेवला, हे घरादाराला ठाऊक होतं. गुरुवारी मोनिकाचं, काकासाहेबांच्या लेकीचं, लग्न होतं. ऐन सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली निघाली, कापडी टप उघडेना, डिकी उघडेना. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. मोनिका मावशीची माळ गळ्यात घालून फुलंब्रीच्या मांडवात उभी राहिली आणि सगळ्यांनी मनाची समजूत घातली, की माळ कुठं जात नाही, डिकीतच आहे. पण बुधवारी रात्री गाडीपाशी वायरिंगवाला नोमान एकटाच होता, ही कुजबुज गुरुवारपासूनच गल्लोगल्ली पोचली होती.

आता शुक्रवारचे बारा वाजले होते आणि डिकीत पाणी होतं.

मंजुषा काठाशी वाकली. ती विमा कंपनीची सर्व्हेअर. अपघाताच्या, आगीच्या, पुराच्या गाड्या बघण्यात तिची वीस वर्षं गेलेली. ती आली होती अडकलेल्या टपासाठी. माळेचा आणि तिचा काही संबंध नव्हता. आल्या आल्या तिनं रिमोटच्या पोटातली छोटी लोखंडी चावी ओढून काढली, नंबरप्लेटच्या मागं लपलेलं भोक शोधलं आणि दोन दिवस अख्ख्या पडेगावला न उघडलेली डिकी उघडून दाखवली. आता तिला वाटलं, उघडली नसती तर बरं झालं असतं.

"धर रे गोकुळ, खाली येतंय," ती म्हणाली. झाकणाचा टेकू मोडलेला होता. हात काढला की ते धाडकन खाली यायचं.

ड्रायव्हर गोकुळनं झाकण धरलं.

काकासाहेब ओट्यावर जाऊन बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "त्या नोमानला बोलवा," ते म्हणाले. "आणि त्याच्या बापालाबी."

२

काकासाहेबांची ही लाल ओपन गाडी साऱ्या पंचक्रोशीत एकच. कापडी टप बटण दाबलं की घडी होऊन मागं जायचा, आणि नवरा-नवरी उघड्यावर बसून वरातीत मिरवायची. लग्नसराईत गाडीला उसंत नसे. गेल्या रविवारीही ती खुलताबादच्या एका वरातीला जाऊन आली होती.

"मॅडम, सरळ हिशोब हाय," काकासाहेब म्हणाले. "बुधवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. मी आक्काला म्हनलं, डबा गाडीच्या डिकीत ठेव. गाडीला भोंगा हाय, कुणी हात लावला की बोंबलतो. आक्का सातला जाऊन ठेवून आली, चावी माझ्या हातात दिली. आठला नोमान आला टप दुरुस्त करायला. अर्धा तास शेडमदी एकटा होता. त्यानं बॅटरी मारली. बॅटरी मेली की भोंगा मुका. मग डबा उचलायला काय लागतं?"

"त्याला कुणी बोलावलं होतं?"

"गोकुळनं. त्याला कुठं ठाऊक, डबा आत हाय ते."

हिशोब वरवर बिनतोड होता. मंजुषानं वहीत टिपून घेतलं. "माळ कशी होती? नोंदीला लागेल."

"कशी म्हंजे? सोन्याची. वीस-बावीस पुतळ्या असतील. माझी बायको सणावाराला घालायची." काकासाहेब अडखळले. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. "आता कुणी मोजून ठेवलंय?"

"एकवीस," दाराआडून पारूआक्का म्हणाल्या. त्या काकासाहेबांच्या थोरल्या बहीण. "माळ अडकवतात त्या फाशापासल्या पुतळीचा काठ वाकलेला हाय. तिला दाताचा..." त्या थांबल्या. "वाकलेला हाय. तेवढं लिवा."

मंजुषानं तेवढं लिहिलं.

"पाच वाजता मी ठाण्यात जातो," काकासाहेब म्हणाले. "तक्रारीत नोमानचं नाव देतो. तोवर तुम्ही गाडीचं काय ते बघा."

फाटकापाशी एक स्कूटर येऊन थांबली.

३

कमरोद्दीनचं क्रांती चौकाजवळ गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. तीस वर्षं त्यानं काकासाहेबांचे ट्रॅक्टर, जीप, मोटारी सांभाळल्या होत्या. आज तो पहिल्यांदा ओट्याच्या खालीच उभा राहिला. टोपी हातात होती.

"बसा की चाचा," मंजुषा म्हणाली.

"नको मॅडम. बोलावलं ते बसायला नाय बोलावलं."

त्याचा मुलगा नोमान गाडीकडे बघत होता. सव्वीस वर्षांचा, नखांत कायमचं काळं तेल. मंजुषानं त्याला शेडमध्ये नेलं.

"डिकी उघडली होतीस?"

"कशी उघडणार? या गाडीची बॅटरी डिकीत हाय, आणि डिकी बॅटरीशिवाय उघडत नाय. चावी मोठ्या संदुकीत, आणि संदूक बंद, तसलं काम. मी पुढून करंट देऊन पाहिला. धरतच नव्हता. मागं काहीतरी सगळा करंट पीत होतं."

"लोखंडी चावीचं भोक माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना. पण रिमोट साहेबांकडं. गोकुळ म्हनला, साहेब पाहुण्यांत हाय, आत्ता नको मागू. मी म्हनलं ठीक हाय, उद्या बघू." त्यानं हात पँटला पुसले. "मॅडम, मस्कतला नोकरी लागलीय. मोठ्या वर्कशॉपमदी. पासपोर्टची पोलीस चौकशी सोमवारी हाय. आज माझं नाव ठाण्यात लिहिलं गेलं ना, तर सोमवारी ते दार उघडणारच नाय. कधीच."

तो रडला नाही. रडला असता तर मंजुषाला सोपं गेलं असतं.

"बॅटरी तू येण्याआधीच उतरलेली होती?"

"पूर्ण. साधा काटा हलत नव्हता. पण माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? मीच तर चोर."

बाहेरून कमरोद्दीनचा आवाज आला, शांत, कुणालाच उद्देशून नसलेला. "दोन दिवस झाले, पोरगं जेवलं नाय."

४

स्वयंपाकघरात पारूआक्कांनी मंजुषापुढं साबुदाण्याची ताटली सरकवली. तिचा शुक्रवारचा उपास आहे हे त्यांनी न विचारताच ओळखलं होतं. उपास करणाऱ्या बाईला दुसरी बाई कळते.

"तुम्ही घ्या की, आक्का."

"मला नको."

"तुमचाही शुक्रवार का?"

"व्हय." आक्का चुलीकडं वळल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बुधवारच्या रातीपासून पान्यावर हाय. सवय हाय मला."

मंजुषाचा चमचा ताटलीवर थबकला. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा. तिच्या घरी पंचांगातलं एकही पान उलटायचं राहत नसे. बुधवारच्या रात्री सुरू होऊन शुक्रवारी दुपारपर्यंत चालणारा, पाण्यावरचा उपास त्यात कुठंच नव्हता. हा कुणी सांगितलेला उपास नव्हता.

"आक्का, बुधवारी डबा ठेवलात ते सांगाल का? नोंदीपुरतं."

"सांगायचं काय त्यात." आक्कांचा आवाज एकसुरी होता, पाठ केलेल्या कहाणीसारखा. "सातला गेले. अंधार पडत आल्ता. बटन दाबलं. टुक वाजलं. झाकन उघडलं, आत दिवा लागला. उजव्या कोपऱ्यात डबा ठेवला. झाकन लावलं. चावी भावाला दिली."

"आत पाणी नव्हतं?"

आक्कांनी मान वर केली. क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, रिकाम्या कोनाड्यासारखं.

"दिसलं नाय," त्या म्हणाल्या.

दिवा लागला आणि पाणी दिसलं नाही. मंजुषानं ताटली संपवली, कारण फराळ टाकू नये. नोमान म्हणत होता बॅटरी आधीच मेलेली, आक्का म्हणत होत्या दिवा लागला. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि घरातलं प्रत्येक माणूस डोळे मिटून सांगेल, कोण ते.

मंजुषालाही तेच हवं होतं. तिला आक्का आवडल्या होत्या.

५

गोकुळ गाडीच्या मागं लपल्यासारखा उभा होता.

"खरं सांग," मंजुषा म्हणाली. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. त्यामुळेच माणसं घाबरत असावीत. "बॅटरी कधी उतरली?"

"बुधवारी, नोमाननं..."

"गोकुळ, त्याला सोमवारी चौकशी आहे."

गोकुळनं गमछ्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "सोमवारी," तो शेवटी म्हणाला. "मॅडम, साहेब मला कामावरून काढतील. रविवारच्या वरातीत लोकांनी अक्षता उधळल्या, पोतंभर. टपाच्या घडीत, सीटवर, जिकडं तिकडं. आक्कांचा नेम हाय, अक्षतांना झाडू लावायचा नाय, पाय लावायचा नाय, पान्यानं वाहून घालायच्या. म्हनून सोमवारी सकाळी टप उघडा ठेवून पाइप मारला. दुपारी टप अर्ध्यात थांबला, तो हातानं ओढून लावला. संध्याकाळी रिमोट चालंना, डिकी उघडंना. काटा मेला. मी गप बसलो. म्हनलं लग्नाआधी नोमानकडून गुपचूप करून घेऊ. त्याला सांगितलं, कुणाला बोलू नको."

मंजुषानं मोबाइलचा दिवा लावला. टपाच्या घडीच्या दोन्ही टोकांना पाणी वाहून जायला एकेक बारीक नळी असते, तोंड चण्याएवढं. तिनं डोक्यातली पिन काढून तिथं घातली. पिनेच्या टोकाला फुगलेली, कुंकवानं गुलाबी झालेली ज्वारी आली. दोन्ही नळ्या गच्च. वाट मिळाली नाही म्हणून पाणी अक्षतांसकट डिकीत उतरलं, टपाच्या मोटारीची पेटी भिजली, आणि भिजलेली पेटी बॅटरी पीत राहिली. टपाचं आणि बॅटरीचं दुखणं एकच होतं.

तिचं काम इथं संपलं. पण ती डिकीपाशी गेली.

पुण्याकडं अक्षता तांदळाच्या, त्या नुसत्या कुजतात. मराठवाड्यात अक्षता ज्वारीच्या, आणि ज्वारीला पाणी मिळालं की ती उगवते. मंजुषा लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी घट बसवत आली होती. दुसऱ्या दिवशी दाणा फुटतो, तिसऱ्या दिवशी मुळ्या एकमेकींत अडकतात, पाचव्या दिवशी कोंब बोटभर होतो, आणि अंधारात असेल तर असाच पिवळा. हा घट सोमवारी बसला होता. आज पाचवा दिवस.

काठाच्या पन्हळीत मुळ्यांची जाळी विणली गेली होती. जाळी झाकणाच्या रबरात शिरली होती, काठ आणि झाकण एकत्र शिवल्यासारखी. आज झाकण उचललं तेव्हा तीच फाटली होती. फाटलेली टोकं अजून ओली, पांढरी होती, सगळ्या काठाभर एकसारखी. मध्ये कुठं जुनं तुटलेलं, वाळलेलं मूळ तिला सापडलं नाही. तिनं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं, देवाचं नाव घेऊन, की एक तरी सापडू दे.

नाही सापडलं.

सोमवारपासून ही डिकी कुणीच उघडली नव्हती. नोमाननं नाही. आणि आक्कांनीही नाही.

घड्याळात साडेचार झाले होते.

६

देवघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत समई होती आणि आक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. मंजुषा उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आक्का, पाच वाजता मी काकासाहेबांना सांगणार आहे, की डिकी सोमवारपासून उघडलेली नाही. नळ्यांत अक्षता अडकल्या, त्या उगवल्या, मुळ्यांनी झाकण धरून ठेवलं. एवढंच मला ठाऊक आहे, आणि एवढंच माझ्या कामाचं आहे. त्याच्या पुढचं सांगणं माझं नाही."

आक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझ्याच नेमानं मला धरलं म्हनायचं."

"त्या पोराचा बाप बाहेर उभा आहे, आक्का. दुपारपासून बसला नाही तो."

मंजुषा वळली. चालताना तिला वाटत होतं की आपण कुणाच्या तरी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलो.

पाचला काकासाहेब ओट्यावर आले, बगलेत तक्रारीचा कागद. मंजुषानं सगळं सांगितलं: नळ्या, पाणी, मुळ्या. गोकुळनं मान खाली घालून आपली बाजू सांगितली. नोमान भिंतीला टेकून ऐकत होता.

"म्हंजे बुधवारी डिकी उघडतच नव्हती," काकासाहेब म्हणाले.

"नाही."

"पन आक्का तर म्हनली, दिवा लागला."

काकासाहेबांनी मंजुषाकडं पाहिलं, मग गोकुळकडं, मग नोमानकडं, जणू त्यांच्यापैकी कुणीतरी दुसरं काही सांगेल. "मॅडम, तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? आई गेल्यावर आक्कानं मला वाढवलंय. माझी मोनिकाबी तिनंच वाढवली."

दार वाजलं.

पारूआक्का बाहेर आल्या. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, हातात काही नाही. आणि गळ्यात पुतळ्यांची माळ. एकवीस पुतळ्या संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारख्या दिसत होत्या. सत्तरीच्या विधवेच्या गळ्यात. काकासाहेबांच्या बगलेतला कागद खाली पडला, तो त्यांनी उचललाही नाही.

"माझी हाय ती," आक्का म्हणाल्या. "एकुणिसाव्या वर्षी लग्नात घातली. फाशापासली पुतळी ह्यांनी दातानं वाकवली होती, खरी का खोटी म्हनून, मला चिडवायला. दोन वर्सांत हे गेले. मी हितं आले. तुझ्या लग्नात तू म्हनलास, आक्का, पडून राहण्यापेक्षा तुझ्या भावजयीला घालू दे. मी दिली. मग ती भावजयीची झाली, मग मोनिकाच्या आईची झाली. कुनी वाईट वागलं नाय. कुनाला आठवलंच नाय."

"आक्का," काकासाहेब म्हणाले.

"बुधवारी डबा हातात दिलास. गाडीपाशी गेले. बटनाला हातबी लावला नाय मी. उभी राह्यले आन् परत आले. म्हनलं, हरवली म्हनतील, चार दिवस बोलतील, गप बसतील. हे पोरगं मधी येईल हे माझ्या ध्यानात नव्हतं. आलं, तवा तोंड उघडंना." त्या कमरोद्दीनकडं वळल्या. "भाऊ, मी लई वाईट केलं. त्या कागदावर माझं नाव लिवा."

कमरोद्दीननं टोपी डोक्यावर घातली.

"आक्का, तुमची माळ तुम्हाला मिळाली, चांगलं झालं. पन दोन दिवस माझ्या पोराकडं गल्ली ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मी कुठं जमा करू?"

काकासाहेब ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली आले. कमरोद्दीनपुढं उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्यापुढं हात जोडले, आणि मग बहिणीकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

"मी तुमच्या गल्लीत येतो," ते खालमानेनं म्हणाले. "आत्ता. तुझ्याबरोबर. सगळ्यांसमोर बोलतो."

"स्कूटरवर यावं लागंल," कमरोद्दीन म्हणाला. "तुमची गाडी बंद हाय."

मंजुषानं अर्ज उघडला. नुकसानीचं कारण, असा रकाना होता. तिनं लिहिलं: पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत धान्य अडकणे. बाकीच्याला रकाना नव्हता.

डोळे वर केले तेव्हा आक्का शेडमध्ये गेल्या होत्या. मंजुषा धावली. आक्कांनी एका हातानं डिकीचं झाकण रेटून वर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्या कोंब गोळा करून पदरात घालत होत्या, एकेक, मुळासकट. अक्षता पायदळी जाऊ नयेत म्हणून. वाकल्या की पुतळ्या पत्र्यावर किणकिणत. झाकण हळूहळू खाली येत होतं, आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

मंजुषा पोचायच्या आत एका हातानं झाकण अडवलं. नखांत काळं तेल होतं.

नोमाननं आक्कांकडं बघितलं नाही. तोंड फिरवून, फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं बघत, शेवटचा कोंब पदरात जाईपर्यंत त्यानं ते झाकण त्यांच्या डोक्यावर धरून ठेवलं.